बारस आणि बारसं

काकांचा मेसेज असा होता : "शनिवारी सकाळी बारस आहे. तळ्यावरच्या लाकडी पुलापाशी ये. फार नटू नकोस."

मला वाटलं, घाईत 'स'वरचा अनुस्वार राहिला असेल. या गृहस्थांचा अनुस्वार कधी राहत नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला राहायला येऊन मला थोडेच महिने झाले होते. पुण्याच्या ऑफिसने इथल्या प्रोजेक्टवर पाठवलं होतं, ओळखीपाळखीचं कुणी नव्हतं, आणि शनिवार उजाडला की घर खायला उठायचं. काकांची ओळख झाली ती मराठी मंडळाच्या संक्रांतीला. मी केलेली तिळाची वडी हातात घेऊन त्यांनी विचारलं होतं, "ही खायची की बाथरूममध्ये बसवायची?" असा माणूस बारशाला बोलावतोय म्हणजे आतून बरा असणार, अशी मी मनाची समजूत घातली. रेशमी कुडता घातला, त्यावर जाडजूड कोट चढवला, एक पिवळं झबलं-टोपडं रंगीत कागदात बांधून घेतलं आणि मार्चच्या बोचऱ्या वाऱ्यात पुलापाशी जाऊन उभी राहिले.

तिथे पाळणा नव्हता, बायका नव्हत्या, घुगऱ्या नव्हत्या. काका एकटेच घडीच्या स्टुलावर बसले होते. डोक्याला कानटोपी, हातात मासे धरायची काठी.

"बाळ कुठंय?" मी विचारलं.

"कसलं बाळ?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुडक्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "बारसं नाही गं बाई, बारस. अनुस्वार दिसला का कुठे? इथले लोक या माशाला बार्स म्हणतात. मला ते जोडाक्षर आवडत नाही म्हणून मी बारस म्हणतो. आयटीत सगळं असंच वाचता का तुम्ही?"

रागाने माझे कान तापले. मी परत फिरणारच होते, तेवढ्यात काठीचं टोक दोनदा थरथरलं. काका उठले, सावकाश रीळ फिरवलं आणि पाण्यातून वीतभर मासा वर आला. हिरवट अंग, त्यावर काळे उभे पट्टे, खाली लालभडक पर, पाठीवर काट्यांचा पंखा उभारलेला. काकांनी आधी हात पाण्यात बुडवून ओला केला, मग मासा धरला, गळ काढला. आणि मग त्यांनी जे केलं ते पाहून माझा राग कुठच्या कुठे गेला. त्यांनी तो मासा तोंडाजवळ नेला, आत्या बाळाच्या कानाशी करते तसं हलकेच "कुर्र" केलं आणि म्हणाले, "वत्सला." मग त्याला पाण्यात सोडून दिलं.

"म्हणजे बारसंच की हो हे!" मी म्हणाले.

काका हसले. ते किती दुर्मिळ आहे हे मला नंतर कळलं. "आलीच आहेस तर पुढच्या वेळी आत्या तू हो. हे पुरुषाचं काम नाही, मी नाइलाजाने करतो." मग हात पुढे केला. "झबलं आहे ना त्यात? आण इकडे. लागेल." आणि ते पुडकं त्यांनी गळांच्या डब्यात, आमिषाच्या रबरी मासोळ्यांच्या शेजारी ठेवून झाकण लावलं.

काकांना जाऊन आता वर्ष होत आलं. मंडळात त्यांचा विषय निघाला की लोक अजूनही आधी मागे वळून बघतात. नावं ठेवणं हा त्या माणसाचा श्वास होता. गणपतीची आरती चालू असताना मोठ्याने विचारायचे, "आरती म्हणताय की ट्राम पकडताय?" पुरणपोळीचा पदर उचलून बघायचे आणि पुरण कुठल्या गावाला गेलंय याची चौकशी करायचे. इथला पाऊससुद्धा त्यांच्या तावडीतून सुटला नव्हता. "याला काय पाऊस म्हणतात? नुसते शिंतोडे उडवतोय, इस्त्रीवाल्यासारखा." कोणे एके काळी पंपांच्या कंपनीत इंजिनियर म्हणून ते इथे आले, इथेच निवृत्त झाले, आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटल्याचं कुणाला आठवत नाही. काकू होत्या तोवर घरी माणसं यायची म्हणे, कारण काकांनी एक टोचलं की काकू दोन चकल्या पुढे करायच्या. मी काकूंना पाहिलं नाही. त्या गेल्या आणि चकल्या बंद झाल्या, टोचणं तेवढं चालू राहिलं.

इथे मूल झालं की घरापुढे लाकडी करकोचा उभा करतात, त्याच्या चोचीत बाळाचं नाव टांगलेलं असतं. आम्ही तळ्यावरून परत येताना असा करकोचा दिसला की काका हमखास थांबायचे. नाव दोन-तीनदा पुटपुटायचे. "ब्राम. चटका बसल्यावर माणूस ओरडतो तसं." "पीन. टाचणी झाली की उशी होणार का?" पण त्यांचं बघणं टिंगल करणाऱ्याचं नसायचं. करकोच्यापाशी ते जरा जास्तच रेंगाळायचे, आणि मला ओढणीची टोकं चाळवत ताटकळत उभं राहावं लागायचं.

"काका, चला ना. लोकांना वाटेल मूल पळवायला आलोय."

"थांब गं. नाव वाचतोय."

मासे पकडायला मला शिकायचं नव्हतं. पण शनिवार होता, आणि काका होते. आधी त्यांनी मला परवाना काढायला लावला, त्याशिवाय काठीला हात लावू देईनात. "फिसपास खिशात हवा. इथे पाण्यालासुद्धा कायदा आहे." माझा पहिला मासा म्हणजे एक सायकल. कुणीतरी कधीकाळी तळ्यात ढकलून दिलेली, तिच्या चाकात माझा गळ अडकला आणि मी आनंदाने किंचाळले, "मोठी लागली!" काकांनी येऊन दोरा बोटाने चाचपला आणि गंभीरपणे विचारलं, "हिचं नाव काय ठेवतेस?" दुसऱ्या वेळी गळ झाडाच्या फांदीत गेला, तिसऱ्या वेळी माझ्याच ओढणीत.

"तू फेकतेस. फेकायचं नसतं, सोडायचं असतं. बारस मधोमध नसते, कडेला असते. पुलाच्या सावलीत, लव्हाळ्याच्या अंगाला, दगड पाण्यात उतरतात तिथे. मासोळी तळाला टेकू दे. टेकली? आता हळूच उचल. पुन्हा टेकू दे. घाई कसली तुला, डिप्लॉयमेंट आहे का?"

मग एकदा खरंच लागली. दाराच्या कडीवर कुणी बोटाने टकटक करावी तसं काठीतून हातात आलं.

"हात ओला कर!" काका ओरडले. "आधी हात ओला कर! कोरडा हात लागला की तिच्या अंगावरचा चिकट थर निघून येतो. वरून काही दिसत नाही. पाण्यात गेल्यावर मरते."

मी हात ओला केला. काटा टोचलाच, तरी धरून ठेवली. "हं, आत्याबाई," काका म्हणाले. पलीकडून कुत्रं घेऊन एक डच बाई चालली होती, ती थांबून बघायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण केलं "कुर्र". नाव ठेवलं सुमन. काकांनी त्या बाईला डचमध्ये समजावलं की आमच्याकडे नामकरण चाललंय. तिने कुत्र्याची दोरी या हातातून त्या हातात घेतली आणि गंभीर चेहऱ्याने आम्हा दोघांचं अभिनंदन केलं. पुढे ती दिसली की दरवेळी विचारायची, आज किती जणींचं झालं?

काका मासे खात नसत. "मग पकडता कशाला?" हे मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं. त्यावर त्यांनी दोरा ओढत, माझ्याकडे न बघता उत्तर दिलं होतं, "आयुष्यभर नावं ठेवली. आता एकेक नाव ठेवतोय. अनुस्वाराचाच काय तो फरक." मला तेव्हा ते वाक्य फक्त चटकदार वाटलं. पुणेरी माणूस, बोलायचं म्हणून बोलला.

एप्रिल आणि मे हे दोन महिने बारस धरायला बंदी असते, पिल्लांचा काळ म्हणून. ते संपून पुन्हा तळ्यावर जायला लागलो तेव्हा मी त्यांना चिडवलं. वत्सला, गोदावरी, सुमन, मालती, कुसुम, सगळ्या मुलीच. "काका, तुम्हाला एकही मुलगा कसा होत नाही हो?"

"मोठी असते ती मादीच असते," ते म्हणाले. त्यांनी दोरा पूर्ण गुंडाळून घेतला. मग म्हणाले, "मला नात आहे. हेगला. पाच वर्षांची होईल. मी तिला जवळून कधी पाहिलेली नाही."

त्यांचा मुलगा हेगला असतो, त्याची बायको डच. काकू गेल्या त्यानंतरच्या वर्षी त्यांना मुलगी झाली, दिवस भरायच्या बऱ्याच आधी. मुठीएवढं बाळ, काचेच्या पेटीत, नाकात नळी. मुलाने दवाखान्यातून पहिला फोन काकांना केला. बाळ जगेल की नाही सांगता येत नाही म्हणाला, आणि आम्ही नाव सार ठेवलंय म्हणाला. हे इथलं जुनं, साधं नाव आहे. सुनेच्या आजीचं.

"मी काय म्हणालो असेन?" काकांनी मला विचारलं. "तू ओळखतेस मला. सांग."

मी काठी खाली ठेवली.

"म्हणालो, सार? टोमॅटोचं की आमसुलाचं?"

मला हसू आलं. आवरलं, पण आलं, आणि काकांनी ते पाहिलं.

"बघ, तूही हसलीस. विनोद चांगलाच होता. पण तो रडत होता गं तिकडे. मला ऐकू येत होतं. मला भीती वाटली ना, की मला असलंच काहीतरी सुचतं. तुझी काकू असती तर फोन तिने घेतला असता."

फोन तिकडून बंद झाला. नंतर मेसेज आला, माझ्या मुलीचं नाव नीट घेता येईल तेव्हा बोला. काकांनी उत्तर दिलं नाही. मी असं काय मोठं वाईट बोललो, यात एक वर्ष गेलं. त्याने समजून घ्यायला हवं होतं, यात आणखी एक गेलं. मग राग संपला, आणि राग संपल्यावर काय करायचं ते त्यांना येत नव्हतं.

"कोरडा हात लावला मी," ते म्हणाले. "वरून काही दिसलं नाही."

"अहो, मग आता फोन करा ना! आत्ता करा. माझ्यासमोर."

"फोनवर मी विनोद करतो."

मी कपाळावर हात मारून घेतला. या माणसाला काय म्हणावं! काका मात्र पुलाच्या कठड्याकडे बघत शांतपणे बोलत राहिले. "तिचं बारसं झालं नाही. बाराव्या दिवशी ती पेटीत होती. नंतर कोण करणार? मला फक्त एकदा तिच्या कानात तिचं नाव सांगायचंय. नीट. दुसरं काही न बोलता. तेवढं झालं की मग माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मग मला कळलं की आम्ही शनिवारचे शनिवार कशाची तालीम करत होतो. "कुर्र" म्हणायचं, नाव घ्यायचं आणि तोंड मिटायचं. नावापुढे एक शब्दही जास्त बोलायचा नाही. त्यांच्यासारख्याला हे किती कठीण जात असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता.

त्या वर्षी पानगळीत मला आयुष्यातली सगळ्यात मोठी बारस लागली. हातभर लांब, पोट सुटलेली, एका हातात मावेना. मी आनंदात होते, बोलून गेले, "काका, हिचं सार ठेवू?"

"ते नाव दिलेलं आहे," काका ताडकन म्हणाले. त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली आणि नाव न ठेवताच सोडली. घरी येईपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या घराच्या वळणावर मात्र त्यांनी खिशातून लिमलेटची गोळी काढून माझ्या हातावर ठेवली आणि निघून गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये एका मंगळवारी त्यांचा मेसेज आला, उद्या हेगला चल, तिथल्या बारशी मोठ्या असतात. मी अर्धा दिवस रजा टाकली. स्टेशनवर काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि काकूंनी विणलेला स्वेटर घालून. दाढी गुळगुळीत. गाडी, मग ट्राम, मग चालत एका बागेतलं तळं. पलीकडच्या काठावर मुलांची खेळायची जागा होती, घसरगुंडी आणि दोऱ्यांची शिडी. काकांनी स्टूल मांडलं, काठी काढली आणि दोरा पाण्यात सोडला.

"काका, आत्ता बंदी आहे," मी घाबरून म्हणाले. नियमाचा हा एवढा पक्का माणूस!

"गळ कुठे लावलाय?"

मी पाहिलं. दोऱ्याच्या टोकाला काहीच नव्हतं. नुसता दोरा पाण्यात.

"दर बुधवारी येतो मी, बंदी असली की," ते म्हणाले. "बुधवारी शाळा दुपारीच सुटते. इथे नुसता माणूस बसलेला दिसला की पोरांच्या आया बघतात, हा म्हातारा इथे कशाला बसलाय म्हणून. हातात काठी असली की कुणी विचारत नाही."

मुलं आली. किलबिलाट सुरू झाला. पिवळे बूट घातलेली एक काळ्या केसांची मुलगी शिडीच्या अगदी टोकाला चढली आणि तिथून कुणीतरी तिला हाक मारली, "सार!" काकांच्या हातातली काठी खाली वाकली. त्यांचे ओठ हलत होते. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं. "सार. सार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "वाईट नाही गं नाव. सार म्हणजे अर्क. सगळ्याचं मिळून जे उरतं ते. हे मला तेव्हा का नाही सुचलं? मला मेल्याला स्वयंपाकघरातलंच सुचलं."

एखाद्या गोष्टीला काकांनी 'वाईट नाही' म्हटल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

"जा ना पलीकडे," मी म्हणाले. "मी येते बरोबर. पूल आहे बघा तिकडे."

"तिच्या बापाला न विचारता? नाही. ते पळवल्यासारखं होईल."

थोड्या वेळाने तिचा बाप आला. सायकल उभी केली, मुलीची पाठपिशवी उचलली आणि सहज पाण्याकडे पाहिलं. मधे तेवढंसंच तर पाणी होतं. त्याने वडिलांना ओळखलं. काका उठून उभे राहिले, कानटोपी काढून हातात धरली. हात वर केला नाही, हाक मारली नाही, नुसते उभे राहिले. मुलगा बघत राहिला. मग त्याने मुलीला सायकलवर बसवलं आणि मागे न बघता गेला. काका बराच वेळ तसेच उभे होते. मी दोरा गुंडाळला. परतीच्या गाडीत त्यांनी तिकीट तपासनीसाच्या टोपीलाही नाव ठेवलं नाही, तेव्हा मला त्यांची भीती वाटायला लागली.

त्यानंतरच्या फेब्रुवारीत ते तळ्यावर पडले. मी त्या शनिवारी सर्दीने घरी होते. अभिनंदन करणाऱ्या त्या डच बाईनेच त्यांना स्टुलाशेजारी पडलेलं पाहिलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना बरंचसं कळतंय, पण शब्द सापडत नाहीत. एक आवाज तेवढा उरला होता. मी आत गेले तेव्हा ते छताकडे बघून तोच काढत होते. "कुर्र." थोडं थांबून पुन्हा, "कुर्र." नर्सला वाटायचं त्यांना थंडी वाजतेय. ती बिचारी दरवेळी पांघरूण गळ्यापर्यंत ओढायची. मी तिला सांगायला गेले, पण डचमध्ये ते कसं सांगायचं? मी म्हणाले, ते एक नाव शोधतायत. तिने मान हलवली आणि आणखी एक पांघरूण आणलं.

दवाखान्याने मुलाला कळवलं होतं. तीन-चार दिवसांनी तो एकटाच आला. दारातून वडिलांकडे पाहिलं आणि तिथूनच वळून बाहेर येऊन बाकावर बसला. मी काकांचा गळांचा डबा घेऊन शेजारी बसले होते. डबा तळ्यावर पडून होता, त्या बाईने तो माझ्याकडे आणून दिला होता.

"माझं मराठी आता फार वाईट झालंय," तो म्हणाला. मग त्याच मराठीत म्हणाला, "मी रडत होतो. माझी बेबी मरत होती. आणि बाबांनी टोमॅटो विचारलं."

"मला माहितीये."

"मी वाट बघितली. ते सॉरी म्हणतील. एकदा. इतकी वर्षं वाट बघितली."

"आणि ते तळ्याच्या अलीकडे बसून वाट बघत होते," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. या दोघांची टाळकी एकमेकांवर आपटावीत असं मला वाटत होतं. "आता ते सॉरी म्हणू शकत नाहीत. काहीच म्हणू शकत नाहीत. काय करणार आहात तुम्ही?"

हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून असेल, त्याने डब्याचं झाकण उघडलं. रबरी मासोळ्यांच्या शेजारी रंगीत कागदातलं पुडकं अजून तसंच होतं, कोपरे ओलसर होऊन मऊ पडलेले. त्याने कागद सोडला. पिवळं झबलं निघालं, त्याला तळ्याच्या पाण्याचा वास येत होता.

"हे कुणाचं?"

"सारचं," मी म्हणाले.

तेवढ्यात आतून आवाज आला, "कुर्र." मुलाने मान वर केली. लहानपणी पुण्याला चुलत बहिणीच्या बारशाला तो गेला होता, पाळण्याखाली बसून त्याने घुगऱ्या खाल्ल्या होत्या, हे काकांनी मला कधीतरी सांगितलं होतं. तो ऐकत राहिला. पुन्हा आवाज आला. मग त्याने ते झबलं नीट घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं आणि मला काही न सांगता निघून गेला. मला वाटलं, संपलं.

काका पुढच्या आठवड्यात गेले. पण त्याच्या आधी एक बुधवार होता.

दुपारी मी खोलीत होते तेव्हा तो मुलीला घेऊन आला. तेच पिवळे बूट. मुलगी धीट होती. नळ्यांकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, मग पलंगाच्या डाव्या बाजूला येऊन डचमध्ये म्हणाली, "मी सार." काकांचा चालता हात पांघरुणावरून उचलला गेला. जवळ ये, अशी त्यांनी खूण केली. बापाने तिला काखेत धरून उशीपाशी उचललं. तिने केस मागे सारून कान पुढे केला.

"कुर्र," काका म्हणाले, आणि थांबले. पुढचं येईना. जीभ दातांमागे जात होती, ओठ ताणले जात होते, नुसती हवा बाहेर येत होती. पुन्हा "कुर्र". डोळ्यांतलं पाणी कानशिलावरून उशीत उतरायला लागलं. आत्या मी होते. नाव माझ्या ओठांवर होतं, मी एक पाऊल पुढेही टाकलं, पण ते माझं काम नव्हतं.

मुलीने मान वळवून वडिलांना विचारलं, "आजोबा काय म्हणतायत?"

"तुझं नाव सांगतायत."

"पण ते तर मला माहितीये!"

"हो," तो म्हणाला. "तरी ऐक."

तिने पुन्हा कान पुढे केला.